ट्रकच्या चाकाला बॅलन्सर: रिंग, गोळ्या की मशीन? कोल्हापूरच्या रस्त्यांवरचा हिशोब

बॅलन्सर म्हणजे चाकाच्या एका बाजूचं जास्तीचं वजन सावरणारी वस्तू: चाकाला बसणारी रिंग किंवा टायरच्या आत टाकायच्या गोळ्या. तिसरा मार्ग चाक मशीनवर तोलून वजन लावण्याचा. बॅलन्सर विकणारा एकच वाक्य सांगतो: बसवा, टायर जास्त चालेल. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. टायर बॅलन्सअभावी खात, म्हणजे वेडावाकडा झिजत असेल तरच तो जास्त चालेल. हवा कमी, अलाइनमेंट गेलेली किंवा किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) झिजलेली असताना कितीही महागडी रिंग बसवली तरी टायर तसाच खाणार, आणि वर रिंगचे पैसे गेलेले असणार.

त्यामुळे निकाल आधीच सांगतो. कागलहून बेंगळुरूकडे किंवा शिरोलीहून पुणे-मुंबईकडे कायम लांब पल्ल्याच्या लाइनवर असणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना मशीनवरचं बॅलन्सिंग करायलाच हवं. त्यावर रिंग बसवली तर तीही कामाची. मागच्या जोडी टायरांना आधी मशीन पुरे. उसाच्या गाड्या, वाळू-खडीचे टिपर, गगनबावड्याकडे घाटात चढ-उतार करणाऱ्या गाड्या यांनी रिंग आणि गोळ्यांवर खर्च करू नये. तेच पैसे हवा, ग्रीस आणि अलाइनमेंटवर घालावेत.

आता हे असं का, ते बघू.

२९५/८० आर २२.५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. म्हणजे १ किलोमीटरला ३१२ फेरे, आणि ताशी ६० च्या वेगाला मिनिटाला तेवढेच. टायरच्या पट्ट्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, एका जागी २०० ग्रॅम जास्तीचं वजन असेल तर ताशी २० ला ते चाकाला सव्वा किलोच्या आसपास ओढतं. ४० ला ५ किलो, ६० ला ११ किलो आणि ८० ला जवळपास २० किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. पुढच्या एका टायरवर साडेतीन टनांपर्यंत भार येतो, त्यापुढे ११ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ही ओढ सेकंदाला पाच वेळा वर-खाली होते. टायर रस्त्यावर एका जागी जोरात आपटतो, दुसऱ्या जागी हलका पडून घासतो. या घासण्यातूनच पट्ट्यावर वाट्या पडतात.

वेगाचं हे गणित लक्षात आलं की अर्धे प्रश्न सुटतात. व्यावसायिक गाडीचा स्पीड गव्हर्नर ८० ला बांधलेला असतो आणि भरलेली गाडी महामार्गावर ५० ते ६५ मध्येच चालते. म्हणजे फायदा आहे, पण कारसारखा मोठा नाही. ऊस भरून ताशी २५ ने कारखान्याकडे जाणाऱ्या गाडीला तर बॅलन्सचा फरक कळणारही नाही.

आधी हात फिरवा

खर्च करण्याआधी टायरवर तळहात फिरवा. एकही पैसा लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. गाडी सपाट जागी उभी करा, टायर गार होऊ द्या. तळहात पट्ट्यावर आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर सरकवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलाय. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना टोचत असेल तर टो-इन जास्त आहे. उलट असेल तर टो-आउट. हे काम अलाइनमेंटवाल्याचं.

मग हात गोलाईने, म्हणजे टायर फिरतो त्या दिशेने पट्ट्यावरून न्या. खोलगट वाटी, मग उंचवटा, मग परत वाटी असं लागलं तर संशय बॅलन्सवर जातो. पण फक्त बॅलन्सवर नाही. शॉक ॲब्सॉर्बर गेलेला असला किंवा हबचं (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बेअरिंग ढिलं असलं तरी अशाच वाट्या पडतात. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच राहिला तर हवा कमी किंवा लोड जास्त. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त. सगळीकडे सारखा आणि एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ब्रेक लॉक होऊन घासलेला टायर आहे, त्याला बॅलन्सिंगने काही होत नाही.

ढिलेपणा तपासायला पुढचा एक्सल जॅकवर घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा तिचा बुश. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचे एंड बघा. यातलं काहीही सापडलं तर बॅलन्सर पुढे ढकला. ढिल्या हबवर बसवलेला बॅलन्सर म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी.

थरथर नेमकी कुठे येते तेही बघा. स्टिअरिंग थरथरतं तर पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर थरथरतो तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट. एकाच वेगात गिअर बदलून बघा. इंजिनाचे आरपीएम बदलल्यावर थरथर बदलली तर दोष इंजिन-क्लचकडे. वेगाशीच बांधलेली राहिली तर चाक किंवा शाफ्ट.

मशीनवरचं बॅलन्सिंग

कोल्हापुरात कार आणि जीपचं बॅलन्सिंग करणारी दुकानं सगळीकडे आहेत. ट्रकचं चाक मात्र डिस्कसकट (टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक) १०० किलोच्या आसपास जातं. ते उचलायला लिफ्ट, मोठे कोन (चाक शाफ्टवर मधोमध धरणारे शंकू) आणि जाड शाफ्ट असलेलं मशीन लागतं. दुकान निवडताना आधी हेच विचारा. कारच्या मशीनवर जुगाड करून ट्रकचं चाक चढवणाऱ्याकडे जाऊ नका, तिथे चाक केंद्रात बसतच नाही.

चांगलं काम या क्रमाने होतं. चाक धुऊन आतली-बाहेरची माती काढतात. ही पायरी घाईघाईत उरकली जाते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पंचगंगाकाठच्या उसाच्या फडात शिरलेल्या गाडीच्या डिस्कला आतून काळी माती लिंपलेली असते. वाळली की ती दगडासारखी धरते. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर मूठभर ढेकूळ हातात येतं, आणि एका मुठीचं वजन तीन-चारशे ग्रॅम सहज भरतं. ती माती असतानाच चाक मशीनवर घेतलं तर मशीन मातीला बॅलन्स करून देतं. पुढच्या पावसात ढेकूळ गळून पडलं की लावलेलं शिशाचं वजनच बॅलन्स बिघडवतं. पट्ट्यात अडकलेली खडी टोकदार सळीने काढणं हाही याच पायरीचा भाग.

मग जुनी वजनं काढायची. टायर डिस्कवर सारखा बसलाय का बघायचं: कडेजवळ टायरवर बारीक गोल रेघ असते, ती रिमच्या कडेपासून चारी बाजूंनी सारख्या अंतरावर हवी. एका जागी ती रिममध्ये बुडाली असेल तर टायर तिरका बसलाय. हवा काढा, साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावा आणि परत बसवा. चाक मशीनवर फिरवताना खडू पट्ट्याजवळ धरा. खडू एकाच जागी लागत असेल आणि उंचवटा अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल, तर टायर किंवा डिस्क गोल नाही. गोल नसलेल्या चाकाला वजन लावून ते फिरताना शांत होईल, पण रस्त्यावर उड्या मारतच राहील.

नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, ती व्हॉल्व्हच्या जागेशी जुळवून ठेवतात. लाल ठिपका म्हणजे उंच जागा. डिस्कवर खूण असेल तर लाल ठिपका त्या खुणेशी जुळवतात. एवढ्यानेच पुष्कळदा शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाचतं.

रिमची रुंदी, व्यास आणि मशीनपासूनचं अंतर बरोबर भरलंय का बघा. मशीन ट्रकच्या मोडवर आहे का तेही बघा. आत आणि बाहेर दोन्ही कडांना वजन सांगितलं तर दोन्हीकडे लावा, फक्त बाहेर ठोकून देणाऱ्याला थांबवा. पट्ट्यावरच्या २०० ग्रॅमला रिमच्या कडेवर साधारण ३५० ग्रॅम लागतात, कारण कडा केंद्राच्या जवळ आहे. पुढच्या चाकाला सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या वर वजन मागितलं तर ते ठोकू नका. टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि परत मोजा.

दुकानाची परीक्षा घ्यायला दोन गोष्टी पुरतात. बॅलन्स झालेलं चाक मशीनवर शून्य दाखवतं तेव्हा बाहेरच्या कडेला १०० ग्रॅम वजन लावून फिरवायला सांगा. मशीनने समोरच्या बाजूला १००च्या आसपास मागितले पाहिजेत. दुसरी परीक्षा: कोन सैल करून चाक शाफ्टवर १८० अंश फिरवा, परत घट्ट करून मोजा. आकडा शून्याजवळच राहिला तर चाक केंद्रात होतं. ६०-७० ग्रॅमचा फरक आला तर मशीनने चाक नव्हे, कोन चुकीचा बसलेला मोजला. चांगला कारागीर या दोन्ही गोष्टी न कुरकुरता करून दाखवतो. करू देत नसेल तर चाक उचला आणि निघा.

मर्यादाही ठाऊक असू द्या. मशीन चाक मोजतं, हब आणि ड्रम मोजत नाही. शिवाय पंक्चर काढताना टायर डिस्कवर सरकला की बॅलन्स गेला. ट्यूब, फ्लॅप आणि लॉक-रिंगवाल्या १०.०० आर २० च्या चाकात तर दर पंक्चरला तिन्ही वस्तू जागा बदलतात. ट्यूबलेस रेडियलला हा त्रास कमी.

रिंग

रिंग म्हणजे हबच्या स्टडवर (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट), डिस्कच्या मागे बसणारी धातूची ताटली. तिच्या काठावर बंद नळी असते, नळीत धातूच्या गोळ्या आणि घट्टसर द्रव. नवी रिंग हातात धरून कानाजवळ हळूच फिरवा. गोळ्या एकसारख्या सरकल्याचा आवाज यायला हवा. मध्येच अडकत असतील किंवा नळीच्या जोडावर तेलकट ओल असेल तर ती रिंग परत करा. पारा भरलेल्या रिंगांचा प्रकारही आहे. तो घेऊ नका, फुटला तर फिटरच्या हातापासून गटारापर्यंत सगळीकडे विष जातं.

रिंगची खरी ताकद अशी की ती पुन्हा पुन्हा जुळवून घेते. माती चिकटली, गळली, पट्टा झिजला, पंक्चर निघालं, तरी गोळ्या नव्या जागी जातात. चाकाबरोबर हब आणि ड्रमही तिच्या हिशोबात येतात. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे गाडी एका खेपेला एमआयडीसीतून कास्टिंग भरते आणि पुढच्या खेपेला शेताच्या कच्च्या वाटेवर जाते, तिथे हा गुण मोठा आहे.

पण तिच्या मर्यादा विक्रेता सांगत नाही. रिंगमधल्या गोळ्या केंद्रापासून २४-२५ सेंटिमीटरवर असतात. म्हणून पट्ट्यावरच्या २०० ग्रॅमला तिथे चारशेच्या वर ग्रॅम एका बाजूला गोळा व्हावे लागतात. मोठा दोष रिंग एकटी पेलू शकत नाही. मशीनवर मोठा दोष काढा, मग रिंगला लहान-सहान बदलांचं काम द्या. दुसरं वेगाचं. ताशी १२ च्या खाली गोळ्या तळाशी लोळत राहतात, त्यावर वेग गेला की काठाला धरतात. पण काठाला धरणं वेगळं आणि बॅलन्स करणं वेगळं. मोकळं वजन हलक्या बाजूला जातं ते चाकाच्या वर-खाली हलण्याच्या नैसर्गिक लयीच्या पलीकडच्या वेगात. त्याखाली ते जड बाजूकडेही जाऊ शकतं. म्हणून सतत ब्रेक-क्लच असलेल्या रस्त्यावर, रुंदीकरणाच्या वळणरस्त्यांवर, घाटात, रिंगला काम करायला वेळच मिळत नाही.

माप घेण्यात सर्वांत जास्त चुका होतात. अमेरिकी गाड्यांच्या दहा स्टडच्या हबचं पीसीडी २८५.७५ मिलिमीटर असतं, युरोपीय पद्धतीच्या दहा स्टडच्या हबचं ३३५. दहा स्टड म्हणून एक रिंग दुसऱ्यावर बसत नाही. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, तेच पीसीडी. मधल्या भोकाचा व्यासही मोजा. ऑनलाइन फोटो बघून मागवू नका.

बसवताना हबचा आणि डिस्कचा चेहरा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो, नट ढिले होतात आणि चाक सुटण्याची वेळ येते. ताटलीची जाडी वाढल्याने नटला स्टडचे आटे कमी मिळतात. पूर्ण घट्ट केल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर त्या गाडीला ती रिंग बसवू नका, यात तडजोड नाही. ड्रम, ब्रेकची नळी आणि एबीएसची तार यांना रिंगची नळी लागत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला घट्ट करा. एम २२ स्टडला तो बहुधा ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पाइप लावून पायाने दाबणं म्हणजे टॉर्क नव्हे. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासा. शिरोलीहून निघालेली गाडी कराडला चहाला थांबते, तिथेच ते उरकतं.

गोळ्या आणि पावडर

टायरच्या आत टाकायच्या काचेच्या किंवा सिरॅमिकच्या गोळ्या स्वस्त पडतात, आणि त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला काम करत असल्याने त्यांचं कमी वजन पुरतं. २९५/८० च्या टायरला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम, नेमका आकडा पाकिटावरच्या तक्त्यातून घ्या. कल्पना चांगली आहे. आपल्याकडच्या हवेच्या दुकानांत मात्र ती फसते.

कारण पाणी. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि तळाचा कॉक रोज उघडून ते काढणारे कमी. ते पाणी हवेबरोबर टायरमध्ये जातं. पावडरीचे गोळे होतात, ते एका जागी चिकटतात आणि बॅलन्सर स्वतःच बिघाड होऊन बसतो. टायर बसवताना पेस्ट जास्त थापली तरी हेच. काचेच्या गोळ्या पाण्याने गोळा कमी होतात, पण पेस्टला चिकटतातच. व्हॉल्व्हमध्ये जाळीवाली पिन बसवली नाही तर हवा तपासताना दाणा पिनेत अडकतो आणि हवा रात्रभर फुसफुसत राहते. ट्यूबवाल्या चाकात याचा विचारही करू नका.

यात पंक्चरवाल्याचीही अडचण आहे. टायर खोलला की गोळ्या सांडतात, तो झाडून टाकतो, आणि गाडी पुढे बॅलन्सशिवाय जाते. वापरायच्याच असतील तर डिस्कवर ऑइल पेंटने ठळक लिहा: ‘आत गोळ्या आहेत’. तिन्ही प्रकारांत हा पर्याय सर्वांत खाली ठेवावा लागतो.

पैशाचा हिशोब

आकडे आपल्या वहीतले घ्या. पद्धत अशी. समजा पुढचा टायर २४,००० रुपयांचा आहे आणि ८०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला ३० पैसे, जोडीला ६०. बॅलन्सिंगने आयुष्य दहा टक्क्यांनी वाढलं असं धरलं तर ८,००० किलोमीटर जास्त मिळाले, म्हणजे जोडीमागे ४,८०० रुपये. मशीनवरचं दोन-तीन वेळचं बॅलन्सिंग यात सहज बसतं. रिंग एका टायर-जोडीत वसूल होईलच असं नाही. पण ती टायर बदलल्यावर फेकायची नसते, दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला तशीच चालते. तेव्हा ती किती जोड्या टिकेल, यावर सौदा ठरवा. सारखा झिजलेला टायर रिमोल्डला (जुन्या टायरवर नवा पट्टा चढवायला) चांगल्या केसिंगसह जातो, वाट्या पडलेल्याला बफिंगमध्ये जास्त रबर काढावं लागतं. हा फायदा हिशोबात धरायला लोक विसरतात. रिमोल्ड टायर मात्र मागेच घाला. पट्ट्याचा जोड आणि जाडीतला फरक यामुळे त्यात दोष जास्त असतो.

फरक पडला की नाही हे ड्रायव्हरच्या ‘आता बरं वाटतंय’वर सोडू नका. खोली मोजायची पट्टी घ्या. टायरवर चार जागी खडूने खुणा करून प्रत्येक खुणेवर तिन्ही खाचा मोजा, म्हणजे एका टायरचे बारा आकडे. दर १०,००० किलोमीटरला परत मोजा. चार खुणांमध्ये २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडायला लागला तर बॅलन्स, शॉक आणि बेअरिंग या क्रमाने बघा. आत-बाहेरच्या खाचांत फरक पडला तर अलाइनमेंट. मोजण्याआधी हवा गार टायरमध्ये भरलेली असू द्या.

मशीनवर परत कधी न्यायचं? नवा टायर बसवताना, त्यानंतर पहिल्या पाच हजार किलोमीटरनंतर, पुढच्या चाकाचं पंक्चर काढल्यावर आणि टायरची जागा बदलल्यावर. आणि चाक नेताना स्टेपनीही न्या. ती बॅलन्स न करता मागे टांगलेली असते. खंबाटकी घाटात पुढचा टायर पंक्चर झाला की तीच पुढे लागते आणि ‘परत आल्यावर बघू’ म्हणत महिनाभर तिथेच राहते.